आकडे उपकेंद्रात आहेतच, हिशोब तेवढा करा : सांगली जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सांगली
आणि आपल्यामार्फत दहाही तालुक्यांतील वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका व आशाताई

विषय : साठीपुढील नागरिकांचे यकृतविकार वेळेत ओळखणे आणि घरी सांभाळणे

सप्रेम नमस्कार.

साठी ओलांडलेल्या माणसाचे लिव्हर खराब झाले आहे, हे घरात कळते ते साधारण तीन प्रकारांनी. पायजम्याची नाडी पुरेनाशी होते आणि सोनोग्राफीत पोटात पाणी निघते. नाहीतर पहाटे रक्ताची उलटी होते. नाहीतर शहाणीसुरती आजी दिवसभर झोपते, रात्रभर जागते आणि चहात साखरेऐवजी मीठ घालते. तिन्ही वेळा आजार त्या दिवशीचा नसतो. यकृतात व्रण साठत जायला कित्येक वर्षे गेलेली असतात, आणि त्या सगळ्या वर्षांत हाच माणूस बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला उपकेंद्राची पायरी चढत असतो.

आम्ही नवे यंत्र, नवी इमारत किंवा नवे पद मागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ज्या रक्ततपासण्या आजही होतात, त्यांतले तीन आकडे आणि रुग्णाचे वय एवढ्यावर एक हिशोब मांडता येतो. तो मांडावा, केसपेपरवर लिहावा आणि ज्याचा आकडा वर जाईल त्याला पुढे पाठवावे, ही मुख्य विनंती. हिशोब कुठे फसतो आणि आजार सापडल्यावर घरात काय करायचे, हे पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण खरी गोची तिथेच होते.

हे काम कार्यक्रमाबाहेरचे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या सुधारित सूचना काढल्या. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका गुणांनी मोजणारा कागद) भरतात, त्यात दारू, तंबाखू, व्यायाम आणि कमरेचा घेर विचारलेलाच आहे. बाईचा घेर ८० सेंमीच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की गुण वाढतात. फक्त टेप बेंबीवर किंवा नाडीवर धरू नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, शक्यतो अंगालगत धरावी. निऱ्यांवरून घेतलेले माप कागदावर छान दिसते, पण ते निऱ्यांचे माप असते.

आता हिशोब. त्याला फिब-फोर म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशींतली द्रव्ये, यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढतात. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा. मग प्लेटलेटचा आकडा आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार करायचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे रिपोर्टवर १.६ लाख असेल तर १६०. समजा वय ६८, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १.६ लाख आहेत. ६८ गुणिले ४८ म्हणजे ३२६४. ३६ चे वर्गमूळ ६, त्याला १६० ने गुणले की ९६०. भागाकार ३.४. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर वर्गमूळाचे चिन्ह दिसते. उत्तर ३४० आले तर प्लेटलेट लाखांत घातल्या गेल्या, आणि ०.००३४ आले तर पूर्ण संख्या घातली गेली. दोन्ही चुका हमखास होतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

या उदाहरणातला रिपोर्ट पुन्हा पाहा. एसजीपीटी नॉर्मल. प्लेटलेट नॉर्मलच्या चौकटीत. एसजीओटी जेमतेम वर. कोणीही 'ठीक आहे' म्हणून फाइल बंद करील. पण २.६७ च्या वरचा आकडा यकृतात दाट व्रण असण्याची दाट शक्यता दाखवतो. वृद्धांमध्ये एसजीपीटीवर विसंबणे सर्वांत महाग पडते. यकृताच्या ज्या पेशी फुटून ते रक्तात येते, त्या पेशीच थोड्या उरल्या की आकडा खाली येतो आणि माणूस 'सुधारला' असे वाटते.

खालची रेषा मात्र वयानुसार बदलावी लागते. पासष्टीच्या आतल्यांसाठी १.३ च्या खाली आकडा आला की काळजी कमी. पासष्टीपुढे हीच रेषा २.० धरायची, कारण सूत्रात वय वरच्या बाजूला असल्याने आकडा वयाबरोबर आपोआप फुगतो. वय ६६, एसजीओटी ३२, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २.२ लाख असतील तर उत्तर १.६ येते. जुन्या रेषेने या माणसाला विनाकारण मिरजेला हेलपाटा पडेल, नव्या रेषेने तो घरी राहील आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासला जाईल. अधल्यामधल्यांना, म्हणजे आपल्या वयाची खालची रेषा आणि २.६७ यांच्या मध्ये येणाऱ्यांना, फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणाऱ्या तपासणीसाठी, पाठवावे. वर गेलेल्यांना फायब्रोस्कॅन तर हवाच, शिवाय फिजिशियनची तारीखही त्याच आठवड्यात मिळावी. फायब्रोस्कॅनला जाताना तीन तास काही खाऊ नये, हे चिठ्ठीवरच लिहावे. नाश्ता करून गेलेल्याचे यकृत खोटेच कडक दिसते. यंत्रावर ८ च्या खाली आकडा बरा, १२ च्या वर वाईट. ही तपासणी जिल्ह्यात कुठे, कोणत्या वारी आणि किती पैशांत होते, याचा एक कागद प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवला तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

सोनोग्राफीतल्या 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'चा अर्थ लोक फार लावतात. ग्रेड चरबीची असते, व्रणांची नव्हे. ग्रेड वनवाल्याला सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होण्याची पुढची पायरी, असू शकतो, आणि सिरॉसिस पुढे गेला की चरबी वितळून ग्रेड नाहीशीही होते.

हिशोब चुकतो तो मुख्यतः नमुन्यात. तापात, विशेषतः डेंग्यूत, प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढते, त्यामुळे फिब-फोर आभाळाला टेकते. ताप उतरल्यावर चार ते सहा आठवडे थांबून नमुना घ्यावा. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. १ लाखाच्या खाली आकडा आला आणि माणूस ठणठणीत असेल, तर काचपट्टीवर रक्त पसरवून डोळ्यांनी पाहण्यास सांगावे. तिसरी अडचण उन्हाची. आटपाडी-जतच्या उन्हात नमुना तासन्‌तास गाडीच्या डिकीत राहिला किंवा बाटली जोरात हलवली गेली, की लाल पेशी फुटतात. त्यांच्यातही एसजीओटी असते, ती सीरममध्ये मिसळते. सीरम गुलाबी दिसले तर नमुना फेकून नवा घ्यावा. आदल्या दिवशी पडझड झाली असेल किंवा ऊसतोडीसारखे अंगमेहनतीचे काम झाले असेल, तरीही स्नायूंतून एसजीओटी वाढते.

तपासायचे कोणाला? साठीपुढचा प्रत्येक मधुमेही, कंबर वाढलेला, रोज पिणारा किंवा पूर्वी पीत असलेला, आणि ज्याच्या प्लेटलेट दोनदा दीड लाखाच्या खाली आल्या आहेत असा प्रत्येक जण. आकडा खालच्या रेषेच्या आत असेल तर मधुमेह्याला एक-दोन वर्षांनी पुन्हा.

आता एक खूण, जी फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांना दिसू शकते, आमच्यासारख्यांना नाही. दर महिन्याला ज्याचे बीपी आणि शुगर कार्डावर नोंदवले जाते, त्याचे दोन्ही आकडे वजन न घटवता, पथ्य न करता, आपोआप 'सुधारू' लागले तर आनंद मानू नये. सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडून बीपी उतरते. यकृतात साखरेचा साठा उरत नाही म्हणून शुगर उतरते. १५० चे बीपी दोन वर्षांत १०५ वर आले, शुगरची ग्लिमेपिराइड गोळी तीच असताना पहाटे घाम फुटू लागला, ही वाकबगार डॉक्टरच्याही आधी उपकेंद्रातल्या कार्डाने पकडावी अशी गोष्ट आहे. पोटात पाणी असलेल्या रुग्णाची बीपीची टेल्मिसार्टन चालू ठेवली तर मूत्रपिंड बसते. ती डॉक्टरांना विचारून थांबवावी. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मात्र 'लिव्हरला वाईट' म्हणून सर्रास बंद केली जाते. फॅटी लिव्हरमध्ये आणि सुरुवातीच्या सिरॉसिसमध्ये ती चालते, उलट हृदयासाठी हवीच असते.

बीपीची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारव्हेडिलॉल गोळीबद्दलही असाच घोटाळा होतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून ती ६.२५ किंवा १२.५ मिलिग्रॅम दिलेली असते. महिन्याच्या तपासणीत बीपी ११० आले की 'आता बीपी नाही' म्हणून ती बंद होते आणि काही आठवड्यांनी रक्ताची उलटी होते. वरचे बीपी ९० च्या खाली गेले तरच ती कमी करायची किंवा थांबवायची, आणि तेही कळवून. केसपेपरवर त्या गोळीपुढे 'शिरांसाठी' एवढा एक शब्द लिहिला तरी पुरे.

रक्ततपासणी होतेच आहे, तर साठीपुढच्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बी आणि सी या दोन विषाणूंची तपासणी आयुष्यात एकदा करून टाकावी. ही पिढी काचेच्या सिरिंज उकळून वापरण्याच्या काळातली आहे. ज्यांना सन २००० पूर्वी रक्त चढवले गेले, त्यांच्यासाठी तेव्हा सी विषाणूची सक्तीची तपासणी नव्हती. बीची लस बाळांना देशभर मिळू लागली ती २०११-१२ च्या सुमारास, आजोबांना ती मिळालेली नाही. २८ जुलै २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी तर १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो, सत्तरीतही. बी असलेल्या माणसाला सांधेदुखीसाठी स्टिरॉइड दिले तर झोपलेला विषाणू उठतो, म्हणून संधिवाताच्या 'हमखास गुण' पुड्या खाणाऱ्याची ही तपासणी सर्वांत आधी. त्या पुड्यांत बहुतेकदा काय असते ते आपल्याला ठाऊक आहे.

वेदनाशामक गोळ्यांवर जरा जास्त लिहितो, कारण इतका सहज टाळता येणारा घात दुसरा नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतले जाते, कधी दुकानदाराच्या सल्ल्याने, कधी शेजारणीच्या. सिरॉसिस झालेल्या शरीरात मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचे काम जी द्रव्ये करतात, नेमकी तीच ही औषधे बंद पाडतात. चार-सहा दिवसांत लघवी कमी होते, पाण्याच्या गोळ्या (लघवीवाटे अंगातले पाणी काढणाऱ्या) लागू पडेनाशा होतात, पोट फुगते, आणि जठरातून रक्तस्राव होतो तो वेगळाच. 'लिव्हर खराब आहे, पॅरासिटामॉल नको' असे म्हणून डायक्लोफिनॅक दिले जाते, हे तर उफराटे आहे. सिरॉसिसमध्ये दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच सुरक्षित, दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम. म्हणजे ५०० च्या चार गोळ्या किंवा ६५० च्या तीन. त्याहून जास्त नको, आणि रोज पिणाऱ्याला, उपाशी राहणाऱ्याला त्याहूनही कमी. सर्दी-तापाच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते हिशोबात धरावे. झोपेची अल्प्राझोलाम आणि दुखण्याची ट्रॅमाडॉल या दोन्ही गोळ्या सिरॉसिसच्या माणसाला बेशुद्धीकडे नेऊ शकतात. 'झोप येत नाही' हीच यकृत बिघडल्याने येणाऱ्या भ्रमाची पहिली पायरी असताना त्यावर झोपेची गोळी देणे म्हणजे आगीत रॉकेल.

टीबीची औषधे घेणाऱ्या वृद्धांचे एसजीपीटी सुरुवातीला, दोन आठवड्यांनी आणि मग दर महिन्याला पाहावे. मळमळ, उलट्या, चहासारखी लघवी सुरू झाली की गोळ्या थांबवून त्याच दिवशी तपासणी करावी.

कावीळ आणि तिचे गावठी उपाय हा नाजूक विषय. नाकात औषध सोडणे, काविळीची माळ घालणे, उतरवून टाकणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे आणि तरुणांच्या साध्या काविळीत ते 'लागू' पडल्यासारखे दिसते, कारण ती कावीळ तशीही उतरणारच असते. वृद्धांचे तसे नाही. पोट न दुखता हळूहळू चढणारी कावीळ, अंगाला खाज, पांढुरकी शी हे चित्र पित्ताची वाट अडल्याचे. तिथे खडा असतो किंवा गाठ. तीन आठवडे माळेवर गेले की शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते. आशाताईंना एवढेच शिकवावे की साठीपुढची कावीळ म्हणजे आठवड्याच्या आत सोनोग्राफी. आणि उसाचा रस. आपल्या जिल्ह्यात तो कोणालाही नाकारणे अवघड, पण मधुमेही म्हाताऱ्याला काविळीत तांब्याभर रस सकाळ-संध्याकाळ पाजल्याने यकृत सुधारत नाही, शुगर तेवढी चारशेला जाते. हळद मात्र पिवळी म्हणून बंद करण्याचे काही कारण नाही. सांगलीच्या माणसाला भाजीतल्या हळदीची भीती दाखवणे हा अन्यायच! भीती बाळगायची ती हळदीच्या अर्कात मिऱ्याचा अर्क मिसळून भरलेल्या कॅप्सूलची, कारण त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद काहीही असो, ज्याचे यकृत आधीच जखमी आहे त्याने रोजच्या काढ्याचा प्रयोग करू नये.

दारूबद्दल उपदेश पुष्कळ झाला आहे, म्हणून फक्त मापे सांगतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. वय वाढले की अंगातले पाणी घटते, त्यामुळे तीच क्वार्टर साठीत तिशीपेक्षा जास्त चढते आणि जास्त जाळते. सोडणे हाच उपचार आहे. पण रोज पिणाऱ्या वृद्धाने घरी एकट्याने, एका दिवसात सोडू नये. पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन-तीन दिवसांनी भास आणि झटके येऊ शकतात. भरती करून सोडवावी, सलाइनमधून साखर देण्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावे, आणि गुंगीची गोळी लागलीच तर यकृत खराब असलेल्यांना लोराझेपाम बरी. चहातून गुपचूप दिली जाणारी 'दारू सोडवणारी पावडर' घरात सापडली तर ती जप्तच करावी. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल तर त्यावर प्यायलेल्या पेल्याने जीव जाऊ शकतो, शिवाय ते औषध स्वतःच यकृताला घातक आहे.

आता ज्यांना सिरॉसिस आहे हे ठरले, त्यांच्या घरातले. आमच्या मते भरतीचे निम्मे प्रसंग एका वजनकाट्याने टळतील. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तेच कपडे घालून वजन घ्यायचे आणि दिनदर्शिकेच्या त्याच चौकोनात लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर मूठभर मांस नव्हे, पाणी आहे. पाण्याच्या गोळ्या म्हणजे साधारण स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० या जोडीत, वृद्धांना अर्ध्यापासून सुरुवात. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त वजन उतरू देऊ नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. भराभर पाणी उतरवले की सोडियम पडते आणि माणूस बरळू लागतो. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्या दिवसापासून पाण्याची गोळी बंद, आणि फोन.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळे आले. सांगलीत राहून भडंग सोडायचा हे ऐकून रुग्ण हसतात, पण भडंग, पापड, लोणचे, फरसाण, खारे शेंगदाणे आणि गॅस झाला म्हणून प्यायचा फसफसता सोडा यांतच दिवसाचे मीठ संपते. सैंधवही मीठच आहे. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ तर नकोच. त्यात पोटॅशियम असते, स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम अडवून ठेवते, दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडवतात. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यायची रीतही याच कारणाने या रुग्णापुरती सोडावी. पाणी पिणे मात्र तोडू नये. सोडियम १२५ च्या खाली गेल्याशिवाय पाण्यावर बंधन लागत नाही.

पथ्याच्या नावाखाली माणसाची उपासमार होते, तिचे काय सांगावे! 'लिव्हरला जड' म्हणून डाळ, अंडी, दूध बंद आणि मऊ भातावर महिने. व्हायला हवे नेमके उलटे. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. हिशोब सोपा व्हावा म्हणून सातचा पाढा धरा. एक ज्वारीची भाकरी, मोठा पेला दूध, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, एक अंडे यांतले प्रत्येक साधारण ७ ग्रॅमच्या आसपास. अशी नऊ-दहा मापे दिवसात पोटात जायला हवीत. त्यांतले एक रात्री झोपताना. यकृताचा साठा संपल्यामुळे रात्रीच्या दहा तासांच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू खाते. आणि रक्तातला अमोनिया यकृतानंतर स्नायूच पेलतात, म्हणून मांड्या वाळलेला माणूस लवकर भ्रमात जातो. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर स्नायू गेलेत असे समजावे. एकादशी, चतुर्थी, गुरुवार हे उपास या रुग्णांना माफ आहेत हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर ते पटते. डॉक्टरने सांगून पटत नाही.

भ्रम म्हणजे म्हातारचळ नव्हे. यातला फरक असा की म्हातारचळ महिन्यांत वाढतो, यकृताचा भ्रम दोन-तीन दिवसांत येतो आणि उपचाराने जातो. ओळखायला शिक्षण लागत नाही. एका मिनिटात जनावरांची नावे सांगायला लावा. गाय, म्हैस, शेरडू, कुत्रं म्हणत गाडी दहाच्या आत अडली तर शंका घ्या. दोन्ही हात पुढे ताठ करून पंजे वर उचलायला सांगा, ते पंख फडफडल्यासारखे पडतात का पाहा. कारण जवळजवळ नेहमी सापडते : बद्धकोष्ठ, काळी शी, ताप, पाण्याच्या गोळीचा अतिरेक, झोपेची गोळी. लॅक्ट्युलोज हे शौच साफ करणारे पातळ औषध १५ ते ३० मिली दिवसातून दोन-तीनदा, आणि लक्ष्य दिवसाला दोन-तीन मऊ शौच. औषध गोड आहे म्हणून मधुमेही बंद करतात, तशी गरज नाही, ते अंगात फारसे शोषले जात नाही. 'जास्त बरे' म्हणून सात-आठ जुलाब करून घेतले तर अंगातले पाणी आटून भ्रम वाढतो. वारीला निघणाऱ्यांनी लघवीची आणि शौचाची अडचण होते म्हणून दोन्ही औषधे एकदम सोडण्याचा प्रकार होतो. पालखीच्या आधी आशाताईंनी त्यांना एकदा गाठावे.

पोटातले पाणी काढले की माणूस दगावतो, हा समज फार खोल आहे. भरती झाल्याच्या पहिल्या दिवशीच थोडे पाणी काढून त्यातल्या पेशी मोजायला हव्यात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २५० च्या वर असतील तर पाण्यात जंतुसंसर्ग आहे आणि प्रतिजैविकाला प्रत्येक तासाचा उशीर महागात पडतो. वृद्धांना त्यात ताप किंवा पोटदुखी असेलच असे नाही. ५ लिटरहून जास्त पाणी काढायचे असेल तर लिटरमागे ८ ग्रॅमपर्यंत अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) शिरेतून द्यावे लागते. १०० मिलीच्या २० टक्के बाटलीत २० ग्रॅम असते. अल्ब्युमिनशिवाय पाणी उपसले की मूत्रपिंड बसते, आणि त्यातूनच तो समज पुन्हा पक्का होतो.

सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी, यकृताच्या कॅन्सरसाठी. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून दसरा आणि गुढीपाडवा असे सांगावे. अंतर साधारण सहा महिन्यांचे पडते.

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली की १०८. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती घट्ट असते आणि तिला तसा वास नसतो. इथे अंतराचा प्रश्न येतो. उमदी-संखकडून मिरज-सांगली गाठायला दोन तासांहून जास्त लागतात आणि फुटलेल्या शिरेला रबर बँड बारा तासांच्या आत लावायला हवा. वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात सेफ्ट्रायाक्सोन या प्रतिजैविकाचे एक इंजेक्शन आणि रक्तस्राव आटोक्यात आणणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड ठेवले, आणि अन्ननलिकेत घालायची दुर्बीण कुठे चालू आहे हे फोनवर विचारून मगच गाडी हलवली, तर रुग्ण तीन दवाखाने हिंडत नाही. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते भरतीच्या रात्री काढायला धावू नये, उपकेंद्रात फिब-फोर वर आला त्याच दिवशी काढून घ्यावे.

शेवटची विनंती कृष्णाकाठच्या गावांची. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. पुरात या रुग्णांचे दोन गोष्टींनी नुकसान होते : लॅक्ट्युलोज आणि पाण्याच्या गोळ्यांची पिशवी घरातच राहते, आणि दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ, जी तरुणाला पंधरा दिवस झोपवते, ती सिरॉसिसच्या म्हाताऱ्याचा जीव घेते. पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या उपकेंद्रांनी मेअखेर अशा रुग्णांची यादी करावी, प्रत्येकाला महिन्याचे औषध आणि क्लोरिनच्या गोळ्या आगाऊ द्याव्यात, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड द्यावे. कार्डावर निदान, चालू औषधे, चालणार नाहीत ती औषधे आणि शेवटचे वजन एवढेच असावे. जतच्या पूर्व भागासाठी तेच कार्ड कन्नडमध्येही छापावे.

फिब-फोरचा तयार तक्ता, म्हणजे वय आणि प्लेटलेटनुसार उत्तर वाचता येईल असा एक पानी कागद, आम्ही करून देऊ. तालुक्याच्या मासिक सभेत अर्धा तास मिळाला तर तंत्रज्ञांना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना तो वापरून दाखवायलाही येऊ.

आपले,
यकृताच्या रुग्णांबरोबर काम करणारे सांगली-मिरजेतील काही डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ